मंडळात किती माणसं हवीत

२० सप्टें., शनि.
उन्हाळ्याची सुट्टी संपली, मराठी शाळा सुरू. पोरं टीचभर वाढली आणि त्यांचं मराठी तेवढंच आखडलं. चर्चवाल्यांचा तळघरातला हॉल, तोच वास, कॉफीचा नि ओल्या बुटांचा. एका पोराला विचारलं, सुट्टीत काय केलं? तर म्हणतो, "ओमाकडे गेलो पुण्याला." म्हणलं, अरे बाळा, ओमा इथं जर्मनीत, पुण्यात आजी असते. ऐकलं तर रडेल बिचारी.

शाळा सुटल्यावर मंडळाची बैठक. नऊ जणांचं मंडळ, निम्मे आले. त्यात गौरी उभी राहिली. त्सुफेनहाउझेनला मोटारीच्या कंपनीत आहे, बोलते पण तशीच, ब्रेक न लावता.

"वर्ग तीन, आणि मंडळ केवढं! फळा घ्यायचा तरी बैठकीवर बैठक. मंडळात किती माणसं हवीत, ते सगळ्या सभासदांना मत देऊन ठरवू द्या. मला विचाराल तर पाच पुरे."

बापट लाल झाले. शाळा निघाल्यापासनं तेच अध्यक्ष. "मंडळ केवढं असावं हे मंडळ ठरवतं. आजवर तसंच चाललंय."

"तेच तर म्हणतेय, काका. आपली खुर्ची आपणच कोण कमी करेल?"

मी चिवडा फिरवला.

पाच म्हणजे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि दोन शिक्षक. उरलेले आम्ही बायझित्सर. नुसतं बाजूला बसायचं नि मत द्यायचं, बाकी काम नाही. त्यातली मी एक. म्हणजे पाच झाले की मी घरी.

घरी आले, भात लावला, विसरले. करपला.

२१ सप्टें., रवि.
हे असते तर हसले असते. शाळा ह्यांचीच. तेव्हा ही शाळा आमच्या दिवाणखान्यात भरायची. आमची माया, बापटांची दोन पोरं आणि एक कुणाचं तरी, सारखं शेंबूड ओढणारं. हे कारखान्यातनं सकाळची पाळी करून यायचे, हात धुवायचे तरी बोटांना तेलाचा वास, आणि त्याच बोटांनी अ गिरवायचे. अ काळपट दिसायचा. माया अजून म्हणते, माझ्या अ ला वंगणाचा वास येतो.

मंडळ म्हणजे हे आणि बापट. मी आत चहा करायची. काही पटलं नाही की आतनंच ओरडायची, तेही मत धरायचे.

मग सरकारी नोंदणी करायची निघाली. तिथं कळलं, फेराइन, म्हणजे नोंदलेली संस्था, काढायला सात माणसांच्या सह्या लागतात. आमच्याकडं सहा. सगळं झिंडेलफिंगेन गाव पालथं घातलं, मराठी माणूस उरला नाही. शेवटी हे शेजारच्या हेल्गाबाईला घेऊन आले. तिला मराठीतलं फक्त "चकली" येत होतं. सही केली, चार चकल्या खाल्ल्या, आणि झाली मराठी शाळेची संस्थापक. मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, मी इंडियन स्कूल काढलंय म्हणून.

तेव्हा माणूस मिळत नव्हता. आता जास्त झालेत म्हणे.

२७ सप्टें., शनि.
शाळेनंतर गौरी मला घरी सोडायला आली. वर ये म्हणलं, चहा घे. आली. बिस्कीट नुसतं बुडवत बसली. शेवटी मीच म्हणलं, "मला काढायचंय ना? सरळ म्हण की."

"काकू! तुम्हाला नाही हो. खुर्ची काढायचीय."

"आणि मी खुर्चीवरच बसलेली असले तर?"

हसली, पण डोळे भरले तिचे. म्हणाली, नोकरी, पोरगं आणि शाळा करताना दमते. एक निर्णय घ्यायला नऊ जणांना फोन. त्यातले काही उचलतच नाहीत. खोटं नाही तिचं. मी पण कधी कधी उचलत नाही, मालिका चालू असते.

मग तिला आमच्या गावच्या शाळेची गंमत सांगितली. आमच्या शाळेची पण एक कमिटी होती. शाळेत खुर्च्या पाच, म्हणून मेंबर पाच! दुसरा काही हिशोब नाही. आमचा दादा त्यात. दादाला सही येत नव्हती, पण कौलं कुठं गळतात ते त्याला बरोबर कळायचं, म्हणून घेतलेला. एका बैठकीला सखूआत्या गेली, पोरींना परसाकडला आडोसा बांधा म्हणायला. खुर्ची नव्हती. ती आम्हा पोरांच्या गोणपाटावर खाली बसली, आणि आडोसा मंजूर होईपर्यंत दर बैठकीला येऊन बसली. पुढं गुरुजी हजेरी घेताना तिचं पण नाव घ्यायला लागले. झाली मेंबर. मत कुणी दिलं नाही नि कुणी काढलं पण नाही.

गौरी म्हणाली, "म्हणजे काकू, तुम्ही माझ्या बाजूनं की विरुद्ध?"

म्हणलं, "आडोसा झाला. एवढंच सांगत होते."

ती गेल्यावर बराच वेळ शाळाच डोळ्यापुढं. सातवीपर्यंतच शिकले, पण ती सात वर्षं अजून पुरतायत. शेणानं सारवलेली जमीन, पावसाळ्यात पाटी पुसायला नुसता हात बाहेर काढायचा. गुरुजी मला म्हणायचे, इंदे, तुझी जीभ वळणावर नाही, अक्षर तरी आण.

३ ऑक्टो., शुक्र.
दसरा काल झाला, पण इथली सुट्टी आज, म्हणून सोनं आज लुटलं. आपटा कुठनं आणायचा. हॉलसमोर लिंडनचं झाड आहे, त्याची पानं बदामाच्या आकाराची, आणि या दिवसांत पिवळी पण होतात. आपट्यापेक्षा जास्त सोनं दिसतं, खोटं कशाला बोलू.

मी एकेकाला पान देत सुटले. "सोनं घ्या, सात म्हणा." गौरीचे पाच, बापटांचे नऊ, म्हणून मी मधले सात काढलेत. सातात दोन बायझित्सर राहतात. त्यातली एक कोण, ते सांगायला नको.

गौरीनं पकडलं. "काकू, हा प्रचार आहे!"

"सण आहे, बाई. घे, तुला पण सोनं."

"मी पाचच म्हणणार."

"म्हण की. पान तर घे."

घेतलं. पर्समधे नीट ठेवलं, चुरगळू नये म्हणून. पोरगी वाईट नाही.

बापट कोपऱ्यात म्हणतात, "वहिनी, तुम्ही पण नऊ म्हणायला पाहिजे होतं. ही आपली संस्था." म्हणलं, भाऊजी, आपली होती तेव्हा आपण तिघं होतो.

११ ऑक्टो., शनि.
मंडळानं हो म्हणलं! सभासदच ठरवणार. बापट एकटे नको म्हणत होते, मग तेही गप्प झाले. आठ नोव्हें.ला सभा. पाच, सात की नऊ, यावर आधी मत. मग जितक्या जागा ठरतील तितक्यांची निवड.

प्रश्न आला, निवडणूक घेणार कोण? कुठल्याच गटातला नको. मी चटकन म्हणलं, "माझा जावई. सभासद नाही, मराठी नाही, आणि रेषेसारखा सरळ."

गौरीनं माझ्याकडं बघितलं. "आपलाच माणूस का, काकू?"

"जावई कधी आपला असतो का?"

सगळे हसले नि मंजूर झालं. मनात म्हणलं, माझ्या हातची थालीपिठं खाऊन दोन माप वाढलाय, आपला नाही तर कुणाचा.

रात्री मायाला हेर्त्सोगेनआउराखला फोन. म्हणाली, "आई, तू काय केलंस तुला कळतंय का? टोबियास आता सगळे नियम वाचून काढणार." म्हणलं, वाचू दे. मागनं त्याचा आवाज आला, "गेनाऊ, अगदी बरोबर, आधी मला तुमची घटना पाठवा." घटना म्हणे. हेल्गाबाईनं चकली खात सही केलेली, ती घटना.

तेवढ्यात एक काम सांगून ठेवलं त्याला. म्हणलं, आधी मोठ्यांना विचारायचं हं, आमच्यात तसा मान असतो. म्हणाला, लिहून घेतो.

२१ ऑक्टो., मंगळ.
लक्ष्मीपूजन. एक पणती खिडकीत, एक ह्यांच्या फोटोपुढं. करंज्या फुटल्या. दोन फुटक्या मीच खाल्ल्या, चांगल्या आहेत त्या शनिवारी शाळेत नेईन.

हे गेले त्यानंतर बापटांचा फोन आलेला. "वहिनी, त्यांची जागा रिकामी नाही ठेवायची. तुम्ही बसा." मी नको म्हणलं. मला काय कळतं? त्यांनी परत म्हणलं. मी परत नको. तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा बसले.

सुरवातीला नुसती त्यांच्या खुर्चीवर पदर आवरून बसायची. मग एकदा कुणीतरी विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" मागच्या सगळ्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारतो कुठं दुखतं, माया विचारते जेवलीस का. काय वाटतं, हे फक्त मंडळ विचारतं.

त्यासाठी शनिवारी केस धुते. हे गौरीला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ती पाच म्हणाली नसती, आणि मला तसे सात नकोत.

८ नोव्हें., शनि.
आत्ताच आले. कोट अजून अंगातच, अक्षर बघून गुरुजींनी छडी काढली असती.

सगळं नीट झालं आणि सगळं बिघडलं.

हॉल भरलेला. टोबियास इस्त्रीच्या शर्टात, पुढं टेबल, शेजारी माया मराठीत सांगायला. नात लीना पण आलेली, पहिल्या रांगेत पाय हलवत. आधी संख्या. हात वर करून मत. पाचाला बरेच हात. नवाला बापट आणि त्यांची दोस्त मंडळी. सातला... सातनं जिंकलं! थोडक्यात, पण जिंकलं. मी काही टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारणीची मांडी मात्र चिमटली.

मग निवड. नाव सुचवायचं, आणि टोबियासनं त्या माणसाला विचारायचं, उभे राहणार का. आधी मोठ्यांना, माझाच हुकूम. माझं नाव सुचवलं. कुणी? गौरीनं! मला म्हणजे भरून आलं. टोबियासनं विचारलं, माया मराठीत म्हणाली, "आई, तू उभी राहणार का?"

आणि मी काय म्हणावं. मान खाली घातली, पदर ओढला, म्हणलं, "छे छे, मला कशाला! आता तरुणांनी करावं."

आता असं म्हणल्यावर काय होतं? कुणीतरी म्हणतं, अहो काकू, असं कसं. मग मी म्हणते, नको गं बाई. मग बापट म्हणतात, वहिनी, तुम्हीच पाहिजे. मग मी म्हणते, बरं, तुम्ही म्हणता तर. असंच असतं. जन्मभर असंच बघितलंय.

टोबियासनं "दांके" म्हणून आभार मानले. नाव खोडलं. पुढचं नाव, हेर बापट.

मी मान वर केली तेव्हा बापट उभे राहून हसत होते, तेच हसू, लग्नात आग्रह चालू असताना पानावर हात धरून हसतात ते. म्हणाले, "आता माझं पुरे झालं हो. कुणीतरी नवं बघा." माझं बघून सुद्धा!

"दांके, हेर बापट." खोडलं.

गौरी अर्धी उठली, "नाही, म्हणजे काका असं..." टोबियासनं हात वर केला, नम्रपणे, प्रत्येकानं स्वतःचं उत्तर स्वतः द्यायचं म्हणाला. पुढं गौरीला विचारलं. ती म्हणाली, "हो. मला करायचंय." अशी सरळ! दोन जुन्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. नंतर नाव आलेली चार तरुण पोरं पण तशीच. हो. हो. हो. हो.

पाच झाले. नावं संपली. सात जागा, माणसं पाच. लोकांनी सात ठरवले आणि आमच्या लाजण्यानं पाच केले. गौरी अध्यक्ष.

बाहेर येऊन ती माझा हात धरून उभी. "काकू, मला पाच हवे होते. पण असे नको होते."

बापट लांबनं म्हणाले, "वहिनी, तुमचा जावई!"

म्हणलं, "आणि तुमचं तोंड."

गाडीत लीना जर्मनमधे म्हणाली, आजी, हो म्हणायचं होतं तर नाही का म्हणालीस? माया खिडकीबाहेर बघत हसत होती, तिचे खांदे दिसत होते मला.

९ नोव्हें., रवि.
सकाळी टोबियास स्वयंपाकघरात आला. मी मुद्दाम पाठ फिरवून कांदा चिरत होते. म्हणाला, "आई, तू रागावलीस."

"नाही."

समोर येऊन उभा राहिला. मग विचारलं, "हे नाही म्हणजे नाही आहे का?"

मला हसूच आलं. बसवलं त्याला, समजावलं. एकदा नाही म्हणायचं असतं. विचारणाऱ्यानं परत विचारायचं असतं. मग परत नाही. तिसऱ्यांदा विचारलं की हो.

तो गंभीर. "आल्झो, म्हणजे तीनदा. नेहमी तीनदा?"

"तसं नाही. माणूस बघून."

"मग खरं नाही कसं ओळखायचं?"

आता काय सांगू. खऱ्या नाहीला आवाज वेगळा असतो, म्हणलं. त्यानं मान हलवली. म्हणाला, "माझी आई नाही म्हणाली तर मी ऐकतो. तू म्हणालीस, मी ऐकलं. मला वाटलं, मान देतोय."

कांदा चिरत राहिले. बरं झालं कांदा होता.

त्याच्या आईकडं पहिल्यांदा गेलेलो तेव्हाची गोष्ट. मायाचं लग्न ठरायचं होतं. बाईनं चेरीचा केक पुढं केला. मी म्हणलं, नको नको. तिनं उचलला नि आत नेऊन ठेवला! ह्यांनी मात्र पहिल्या झटक्याला हो म्हणून दोन तुकडे खाल्ले, आणि माझ्याकडं बघत खाल्ले. गाडीत बसल्यावर खिशातनं रुमाल काढला. रुमालात तिसरा तुकडा, दाबून चपटा झालेला. म्हणाले, "मला माहीत होतं."

ह्यांना माहीत असायचं. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं, जर्मनीला यायचंय का. मी म्हणलं, तुम्ही म्हणाल तसं. म्हणाले, ते नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी परत. मी तेच. तिसऱ्या दिवशी विहिरीवर आले, चारचौघींसमोर, आणि विचारलं. घागर खाली ठेवून म्हणलं, यायचंय. बाया हसल्या. आयुष्यात पहिल्यांदा "मला हवंय" म्हणलं असेल.

त्यानंतर तसं म्हणायला लागलंच नाही. हे तिसऱ्यांदा विचारायचे.

१५ नोव्हें., शनि.
शाळेत गेले. पोरांना गोष्ट सांगितली, कोल्ह्याची, मधेच शेपूट विसरले, पोरांनी आठवण करून दिली. मग बैठकीची वेळ झाली. सगळे आत, मी कोट घातला. टोपी सापडेना, ती शोधायच्या निमित्तानं जरा घुटमळले. दार लागलं.

आत फळ्यावरनंच चाललेलं. अजून! पाच जण झाले तरी फळा काही येईना. हसू आवरलं नाही, पण ऐकायला कुणी नव्हतं.

बसस्टॉपवर गौरी धावत आली, बिनकोटाची. "काकू, ऐका. जानेवारीत परत सभा घेतेय. आधी मत घेणार, रिकाम्या दोन जागा ठेवायच्या की काढून टाकायच्या. ठेवायच्या ठरलं तर निवड. पण सभासद म्हणतील तसं. मी कुणालाच सांगणार नाही काय म्हणा ते."

"तुझे पाच झालेत की. आता कशाला?"

"ते लोकांनी नाही ठरवलेले." थंडीनं दात वाजत होते तिचे. "जागा राहिली तर उभ्या राहणार का तुम्ही?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

बस आली. चढले. खिडकीतनं बघितलं तर तशीच उभी, हात काखेत घालून. आत जा म्हणून खूण केली. सर्दी होईल कार्टीला.

६ डिसें., शनि.
बापटांना फोन केला. बिचारे रुसून घरात बसलेत, सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या जुन्या फोटोंची धूळ पुसतात, बापटवहिनी म्हणाल्या. म्हणलं, भाऊजी, तालीम करू. मी टोबियास. "हेर बापट, उभे राहणार का?"

"तसं काही नाही, पण सगळ्यांचीच इच्छा असेल तर मग..."

"नापास."

"अहो वहिनी, असं तोंड वर करून हो कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील, खुर्चीला हपापलाय."

"नाही का हपापलेले?"

मग म्हणाले, "शनिवार जात नाही हो."

माझा पण. पण मी नाही म्हणलं ते. मग त्यांनी मला विचारलं. मी "हो" म्हणलं आणि पाठोपाठ "पण" आलंच, जिभेला तशी सवयच नाही. चार वेळा विचारायला लावलं. शेवटच्याला नुसतं हो निघालं, आणि मला विहिरीवर पण वाटली नसेल अशी लाज वाटली.

मतदान जागांचं आधी आहे. लोक म्हणाले पाच पुरे, तर सगळा खेळ तिथंच संपला. गौरी कुणाला सांगणार नाही, आणि यावेळी मी पण पानं वाटणार नाही. पानं गळाली सगळी.

संध्याकाळी गौरीचा फोन. मंडळ म्हणतंय, यावेळी निवडणूक घ्यायला दुसरं कुणी बघू, टोबियासला आपल्या रीती कळत नाहीत.

म्हणलं, तोच हवा.

"काकू, नक्की? तो एकदाच विचारेल."

"म्हणून तर."